आत्याच्या विहिरीतल्या टिकल्या

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला ठाऊक नाही, आईला ठाऊक नाही. आणि जिला सांगायला पाहिजे होती तिला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढं बोलायला धाडस लागतं, आणि ते माझ्याकडं नाही. एवढं आधीच कबूल केलेलं बरं.

गोष्ट माशाची आहे. हसू नका. बोटाच्या दोन पेरांत मावेल एवढ्याशा माशाची.

कासुर्डीला हायवे सोडून आत गेलं की माझ्या आत्याचं रान. रानात जुनी दगडी विहीर, आत उतरायला पायऱ्या. काठाला उंबर, आणि उंबराखाली शेंदूर लावलेले सात दगड — आसरा, पाण्याच्या देवी. कॅनॉलचा पाझर असल्यामुळं ती विहीर मे महिन्यातही तळ दाखवायची नाही. आणि तिच्या पाण्यात, अगदी वरच्या थराला, टिकल्या असायच्या. टिकल्या म्हणजे मासे. नाव तिथल्या बायकांनीच पाडलेलं. अंग पाण्याच्याच रंगाचं, त्यामुळं मासा असा दिसायचाच नाही. दिसायचा तो डोक्यावरचा चमकणारा एक ठिपका. वरून वाकून बघितलं की वाटायचं, कुणाचं तरी टिकल्यांचं पाकीट पाण्यात सांडलंय — आणि आता त्या टिकल्या आपापल्या फिरायला निघाल्यात.

मी शिरूरची, घोडनदीच्या काठची. पण उन्हाळ्याची सुट्टी लागली की माझं दप्तर खुंटीला आणि मी आत्याकडं. आत्याची सुवर्णा माझ्याच वयाची. आम्ही दोघी खालच्या पायरीवर पालथ्या पडून राहायचो. दगड पोटाला गार लागायचा, पाठीला ऊन. सुवर्णा उंबराखालची मुंगी पकडून पाण्यावर सोडायची, आणि एखादी टिकली अशी काही उडी मारायची — टप्! — की पाणी आमच्या तोंडावर. "ही माझी, ही तुझी" असं आम्ही त्यांचं वाटप करायचो. आता वाटतं, तेवढ्या पायरीवर मी जितकी सुखात होते तितकी पुन्हा कुठं झाले? नाही आठवत.

त्या विहिरीची एक रीत होती. बाळंतीण सव्वा महिन्यानं पहिल्यांदा घराबाहेर पडते, तेव्हा तिला विहिरीवर नेऊन आसरांची ओटी भरतात. ही रीत तुमच्याकडंही असेल. आत्याच्या वस्तीवर तिला एक पुढचं शेपूट होतं. ओटी भरून झाली की बाळंतिणीनं चिमूटभर दहीभात पाण्यावर सोडायचा, आणि सगळ्यांनी थांबायचं. टिकल्या वर आल्या, भाताला तोंड लावलं, की आसरांनी ओटी घेतली. मग बायका हसत-बोलत वर यायच्या. टिकल्या यायच्याच. पाण्यावर काहीही पडलं तरी धावणारी जात ती, न यायला काय झालं? आमच्या लहानपणी त्या आल्या नाहीत असं कधी घडल्याचं मला आठवत नाही.

आता माझ्याबद्दल थोडं. आमच्या घरात, म्हणजे आईकडून आणि वडिलांकडून धरून, कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले, तेही झूलॉजी घेऊन. मला त्याचा अभिमान आहे, आजही आहे, लपवत नाही. पण एक सांगते — घरात एकच शिकलेलं माणूस असलं ना, की त्याचं काहीतरी होतं. गोळ्यांची पाकिटं माझ्याकडं, बँकेचे मेसेज माझ्याकडं, पोरगं कुठल्या साईडला घालायचं ते माझ्याकडं. "वंदीला इचारा." मी जे बोलेन ते बरोबर. सुरुवातीला भार वाटायचा. मग चटक लागली. माझं चुकत नाही हे मलाही खरं वाटायला लागलं, आणि पुढं पुढं — चुकायचं नाही, हेच माझं घरातलं काम होऊन बसलं.

शिक्रापूरला एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली. दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतली. खाली ट्रकांची घरघर, वर पत्र्याची गच्ची, आणि झाड म्हणाल तर बाजूच्या टपरीपुढची एक तुळस. त्या खोलीत मी माशांची टाकी आणली. सुरुवात गप्पी माशांनी, सगळे करतात तशी. पण गप्पींचं कौतुक किती दिवस? आज चार असतात, पुढच्या महिन्यात बादलीभर. टाकी ज्यांच्याकडून घेतली ते रफिकभाई, यवतच्या बाजूचे, मला चिडवायचे. मी दुकानात गेले की काऊंटरवरूनच, "या मॅडम! लोक माझ्याकडं शार्क मागतात, तुम्ही डास मागता!" कारण मला बारीक मासे आवडायचे. जितका बारीक तितका बरा.

मोबाईलवर मासे पाळणाऱ्यांचा एक ग्रुप होता, बहुतेक पुण्याचे लोक. एकदा त्यात कुणीतरी फोटो टाकला — आपल्याकडचा, गोड्या पाण्यातला चिमुकला मासा, दुकानात मिळत नाही, ओढ्यांतूनही आता दिसेनासा झालाय, कुणाला सापडला तर सांगा. मी फोटो मोठा करून बघितला. डोक्यावर चमकणारा ठिपका.

अगं बाई! ही तर आमची टिकली!

माझी छाती किती फुगली असेल विचार करा. पण लगेच आत्याकडं गेले नाही. म्हटलं, आपण शिकलेल्या, आपण आपलं शोधू. गव्हाची चाळण आणि प्लास्टिकची बरणी घेऊन रविवारचे रविवार हिंडले. घोडनदी पालथी घातली. न्हावऱ्याकडचे ओढे बघितले, भीमेच्या पुलाखालची डबकी बघितली. गुडघाभर चिखलात उभी असलेली मला बघून एक म्हातारे आप्पा काठावरून ओरडले, "काय हरवलं गं पोरी? मंगळसूत्र व्हय?" म्हटलं, मासा शोधतेय. "कालवणाला?" म्हटलं, न्हाई, बघायला. ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले, आणि मान हलवत गेले. टिकली कुठंच नव्हती. शेवटी आत्याच्या दारात गेले.

आता अडचण अशी, की आसरांच्या विहिरीतलं काही काढत नाहीत. आत्या आधी नकोच म्हणाली. मग माझं तोंड बघून तिचं तिलाच हसू आलं. कडीचा डबा घेऊन माझ्याबरोबर खाली उतरली. शेंदराच्या दगडांना हात जोडले आणि स्वतःच्या पदराची झोळी करून टिकल्या काढल्या — ओंजळभर पाण्यात मावतील एवढ्या. डबा माझ्या हातात देताना म्हणाली,

"ह्या काय इकत घेतल्याल्या न्हाईत. आसरांच्या लेकी हायत्या. तुझ्याकडं नांदायला दिल्या समज. कवा लागल्या तर माहेरपणाला आणायच्या. आणशील न्हवं?"

"आणीन की आत्या."

बघा, किती सहज बोलले.

तो काळ फार गोड होता हो. खोटं कशाला सांगू, आजही तो आठवला की बरं वाटतं. कामावरून आले की चपला काढायच्या आधी टाकीपुढं. संध्याकाळी खिडकीतून तिरपं ऊन यायचं, ते टाकीच्या पाण्यात शिरलं की सगळे ठिपके एकदम पेटायचे. मैत्रिणी म्हणायच्या, हिचं लग्न ह्या टाकीशीच लावून द्या. टिकल्यांना उडी मारायची खोड, म्हणून वर काच ठेवावी लागे. काचेला डोकं आपटलं की आवाज यायचा — टप्. चहा ओतताना तो आवाज ऐकला की मी शिक्रापुरात नसायचेच. मी पायरीवर पालथी पडलेली असायचे, पाठीला ऊन.

आता माझे गप्पी. टाकी एकच असल्यामुळं दोन्ही जाती एकत्रच होत्या. एका सकाळी पाणवनस्पतीच्या मुळांत मला केसासारखी बारीक पिल्लं दिसली. टिकलीची पिल्लं! आनंदानं कामाला उशीर झाला. संध्याकाळी आले तर एकही नाही. आणि गप्पी पोट फुगवून त्या मुळांतच फिरतायत. एक चुकार पिल्लू राहिलं होतं ते माझ्या डोळ्यांसमोर गप्पीनं गिळलं. डोळ्यांसमोर, हे लक्षात ठेवा. मी सगळे गप्पी काढून बादलीत टाकले.

येत्या रविवारी आत्याकडं जायचं होतं. तिचा कडीचा डबा द्यायचा होता. आता आपल्याकडं आलेलं भांडं कुणी रिकामं परत देतं का? साखर नाहीतर मूठभर तांदूळ, काहीतरी घालूनच देतो. आणि माझ्याकडं बादलीभर गप्पी होते.

कळलं ना तुम्हाला?

गावोगाव विहिरीत, हौदात गप्पी सोडतात, डासांची पिलावळ खातात म्हणून. सगळ्यांना ठाऊक आहे. मी डबा भरला. कंपनीतली सुशिक्षित भाची आत्याच्या विहिरीसाठी शास्त्रीय भेट घेऊन चालली! वस्तीवरच्या बायका बघायला आल्या. मी पायरीवर उभी राहून डासांवर भाषण केलं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आमच्या टिकल्यांना काय करायच्या न्हाईत ना ह्या?"

"त्या काय करणार आत्या? एवढ्याशा तर आहेत."

"वंदी म्हणती म्हंजी झालं," ती म्हणाली, आणि डबा स्वतःच्या हातानं पाण्यात उपडा केला.

मला माहीत नव्हतं असं म्हणू? बघितलं होतं मी. पण बायका जमलेल्या होत्या, भाषण झालेलं होतं. आणि मला बादली रिकामी हवी होती. याहून मोठं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही.

वर्ष-दोन वर्षं गेली. सणावाराला जायचे तेव्हा पाण्यात वाकून बघायचे. ठिपके विरळ होत गेले, मग दिसेनात. विहिरीत रंगीत शेपट्यांचा नुसता बाजार भरला होता. कुणी म्हणालं कॅनॉलला मैलापाणी येतं, कुणी म्हणालं फवारणीचं औषध उतरलं. मी मान डोलवायचे. त्याही गोष्टी असतील. पण गप्पींच्या आधी टिकल्या होत्या आणि नंतर नव्हत्या.

आणि माझ्याकडं? माझ्याकडं त्या वाढल्या होत्या. जुन्या स्वेटरच्या लोकरीचा झुपका बुचाला बांधून पाण्यावर सोडायचा, त्याला त्या अंडी चिकटवतात, ती वेचून वेगळी ठेवायची — हे मी शिकले होते. ग्रुपमध्ये माझं नाव झालं होतं. पुण्याहून लोक फोन करायचे, "शिरूरच्या मॅडम, तुमच्याकडच्या बघायला कधी येऊ?" विहिरीचं नाव मी कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, लोक जाऊन उपसून नेतील. नेण्यासारखं आत काही उरलं नव्हतं, हे मलाच ठाऊक होतं.

अशात सुवर्णाला मुलगी झाली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दवाखाने झाले, उपास झाले, सासूचे टोमणे तर रोजचेच होते. त्या पोरीसाठी तिनं काय सोसलं ते मी जवळून बघितलंय. बाळंतपणाला ती कासुर्डीलाच आलेली. सव्वा महिना भरत आला तसा आत्याचा फोन आला.

"वंदे, माझ्या लेकी बऱ्या हायेत ना तिकडं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सुवीची ओटी हाय गं. हिरीत टिकल्या दिसनात. दोन-चार आण. यवढी वाट बघून लेकरू झालंय, ओटी मोकळी जायला नगं. तिची सासू बी यायचीय दौंडवरनं."

मी टाकीपुढंच उभी होते. ठिपके इकडून तिकडं चालले होते. मी म्हणाले, "आत्या, त्या मेल्या गं. मागच्याच महिन्यात."

"समद्या?"

"सगळ्या."

"बरं," ती म्हणाली. " जिवाला लावून घिऊ नगंस. तू काय मुद्दाम मारल्या का?"

का बोलले मी तसं? टाकीतली एखादी जोडी कमी होईल म्हणून? तेही होतं, नाही म्हणत नाही. पण खरं सांगू? टिकल्या नेल्या असत्या तर पहिला प्रश्न आला असता — मग हिरीतल्या कुठं गेल्या? तुझ्याकडं जगल्या, मग हितं का मेल्या? आणि मला म्हणावं लागलं असतं, आत्या, माझं चुकलं. तू विचारलं होतंस तेव्हा मला ठाऊक होतं. हे वाक्य मला जमलं नसतं. त्यापेक्षा मेल्या म्हणणं सोपं होतं.

ओटीच्या सकाळी मी एक डबा भरलाही होता. चार टिकल्या, टाकीचंच पाणी, वर फडकं बांधलेलं. बसची वेळ होईपर्यंत त्याच्याकडं बघत बसले. म्हणता आलं असतं, एका मैत्रिणीकडं काही उरल्या होत्या, तिच्याकडून आणल्या. खोट्यावर खोटं का होईना, सुवर्णाचं काम झालं असतं. पण विहिरीत सोडून गप्पींच्या तोंडी द्यायच्या? जपलेल्या? फडकं सोडलं. पुन्हा टाकीत ओतल्या. डबा धुतला, आणि वाटेत चौफुल्याला उतरून त्यात पेढे भरून घेतले.

सुवर्णा हिरवी साडी नेसली होती. अशक्त झालेली, पण चेहरा असा उजळलेला की मी दुसरीकडं बघितलं. लेकरू दुपट्यात. नारळ, खण, हिरव्या बांगड्या, सगळं रीतीनं झालं. तिनं दहीभात पाण्यावर सोडला. बायका गप्प झाल्या.

गप्पी आले. लाल, पिवळे, निळे. भाताचा फडशा पाडायला लागले.

"ह्या कुठल्या वं?" सुवर्णाच्या सासूबाई म्हणाल्या. "रंगाऱ्याच्या दुकानातनं आल्या व्हय?"

शेजारची म्हातारी म्हणाली, "आता आसरा बी फ्याशन कराय लागल्या असतील बाई." बायका फिसकन हसल्या. सुवर्णा हसली नाही. ती पाण्याकडं बघत राहिली. आत्या पायरीवर बसली, हातानं पाणी हलवत हळूच म्हणाली, "या गं बायांनो. लेक आलीय. या." बराच वेळ तेच चाललं होतं. लेकरू रडायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, "चला, घेतली न्हाई म्हणायची ओटी. नशीब एकेकाचं." आणि पायऱ्या चढायला लागल्या.

तेव्हा मी बोलले. गप्प बसले असते तरी चाललं असतं ना? पण मी बोलले. म्हणाले, काय अडाण्यासारखं करता, माशानं भात खाण्याचा आणि देवीचा काय संबंध? आम्ही शिकलोय हे, असलं काही नसतं. चांगलं दणकून बोलले. बोललेलं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि मी ते खरं माझं खोटं झाकायला वापरलं.

सुवर्णानं माझ्याकडं एकदाच बघितलं. ओळख नसल्यासारखं. आत्या पदरानं हात पुसत उठली. "आसंल गं," म्हणाली. "तू शिकल्याली."

मग पेढे वाटले.

पुढं पाय चालत होते तोवर आत्या दर अवसेला दहीभात घेऊन विहिरीत उतरायची. आता ती नाही. विहिरीवर जाळी टाकलीय. सुवर्णाची पोर ठणठणीत आहे, कबड्डी खेळते, आईपेक्षा उंच झालीय. तरी तिला साधी सर्दी झाली की सुवर्णा म्हणते, "माझी ओटी घेतलीच न्हाई ना." वर्गाची सहल धरणावर निघाली तर पाठवत नाही. लोक हसतात. पोरगी चिडते. सुवर्णाला मी समजावते — हो, मीच, दुसरं कोण?

टिकल्या अजून आहेत. त्यांच्या पोरी, त्यांच्या नाती. लग्नानंतर मी शिरूरला घर केलं, आतल्या खोलीत टाकी ठेवली. सुवर्णाही आता शिरूरलाच राहते, मुलीच्या शाळेसाठी. महिन्यातून एखादी चक्कर असते तिची. ती येणार असली की मी टाकीवर जुनी ओढणी टाकते. नवरा म्हणतो, उजेडानं मासे बिथरतात का? मी हो म्हणते.

परवाच आली होती. आम्ही दोघी जमिनीवर बसून मेथी निवडत होतो, लहानपणीच्या गोष्टी चालल्या होत्या. पायरी, ऊन, मुंग्या. "तुझी टिकली लई आगाव होती," ती म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी मोकळी हसली. तेवढ्यात आत काचेला डोकं आपटलं. टप्.

तिचा हात मेथीवरच थांबला. "काय वाजलं गं?"

"फ्रिज," मी म्हणाले. "जुना झालाय."

"बदल की मग," ती म्हणाली, आणि पुढची जुडी ओढली.

आत पुन्हा एकदा वाजलं. मी मेथी निवडत राहिले.